कोल्ड स्नेअर पॉलिपेक्टॉमी

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर वाढलेला लहान पॉलिप (मांसल उंचवटा) कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा असलेल्या लवचीक नळीने आतड्याची तपासणी, करताना तारेच्या फासात (स्नेअरमध्ये) धरून, वीज न वापरता कापून काढण्याची पद्धत. १० मिमी.पेक्षा लहान आणि देठ नसलेल्या पॉलिपसाठी युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञसंस्था हीच पद्धत सुचवतात.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी कोलोनोस्कोपमधून पॉलिप काढायला सुरुवात केली, तेव्हा फासातून वीज सोडली जाई. कापणे आणि रक्तवाहिनी जाळून बंद करणे एकदमच होई. लहान पॉलिपला त्याची गरज नसते. उष्णता खालच्या थरांत उतरते आणि काही दिवसांनी खपली सुटली की रक्तस्राव होतो. तैवानमधील ४,२७० व्यक्तींच्या चाचणीत (२०२३) असा उशिराचा रक्तस्राव विजेच्या फासानंतर १.५ टक्के, तर थंड (वीज न सोडलेल्या) फासानंतर ०.४ टक्के आढळला. थंड फासाने कापल्यावर लगेच थोडे रक्त झिरपते आणि बहुधा आपोआप थांबते. नवख्याला ते पाहून धास्ती वाटते, पण तेवढ्यावरून क्लिप (जखम बंद करणारा छोटा धातूचा चिमटा) लावण्याची घाई करू नये.

खरी अडचण पॉलिप अर्धवट राहण्याची असते. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात ५ ते २० मिमी.चे पॉलिप विजेच्या फासाने ‘पूर्ण काढले’ असे वाटल्यावर कडांचे तुकडे तपासले, तेव्हा सुमारे १० टक्के ठिकाणी अवशेष सापडले. डॉक्टरांगणिक हे प्रमाण ६.५ ते २२.७ टक्के होते. सपाट आणि अस्पष्ट कडांच्या सेसाइल सेरेटेड पॉलिपमध्ये ते ३१ टक्क्यांवर गेले. जाळल्याने उरलेसुरले नष्ट होते, ही समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही.

कापण्यापूर्वी पॉलिप धुऊन त्याची कड नीट पाहतात. पडद्यावरचे चित्र घड्याळाची तबकडी मानली, तर पॉलिप ५ ते ६ वाजण्याच्या जागी येईल अशी नळी फिरवतात, कारण उपकरण तिथूनच बाहेर पडते. ही तयारी टाळून आडव्या कोनातून फास टाकणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. मग फास उघडून भोवतीच्या निरोगी अस्तराची १–२ मिमी.ची कड आत येईल असा ठेवतात, नळीचे टोक खाली दाबतात, किंचित हवा ओढून घेतात आणि फास सावकाश, पूर्ण मिटवतात. विजेच्या फासात पॉलिप भिंतीपासून उचलून धरायची सवय असते. इथे ती घातक ठरते, कारण ऊती ताणली की निरोगी कड फासातून निसटते. बारीक तारेचा, याच कामासाठी बनवलेला फास स्वच्छ कापतो. फास अडकलाच तर जास्त ऊती धरली गेलेली असते: तो जरा सैल करून पुन्हा मिटवावा.

कापलेल्या जागेवर पाण्याचा झोत सोडला की ती फुगून रुंदावते आणि कडेला राहिलेला तुकडा दिसतो; तो त्याच वेळी काढावा. मध्ये पांढरट दोरीसारखा उंचवटा दिसला तर तो बहुधा खालच्या थराचा भाग असतो, पॉलिप नव्हे. पॉलिप शोषून जाळीच्या डबीत घेतात आणि तपासणीला पाठवतात.

चिमट्याने तोडणे १–३ मिमी.पुरते, तेही फास बसत नसेल तरच. विजेच्या चिमट्याने पॉलिप जाळणे आता सुचवले जात नाही: अवशेष राहतात, नमुनाही बिघडतो. जाड देठात मोठी रक्तवाहिनी असू शकते, म्हणून तिथे वीज लागतेच. पृष्ठभागावरून कर्करोगाचा संशय आला तर थंड फास वापरू नये. तो पुरेसा खोल कापत नाही.

किती जणांत पॉलिप सापडले यावरून डॉक्टरचे मोजमाप सर्रास होते, पण ते किती नीट काढले हे त्या आकड्यात उमटत नाही. त्यासाठी ब्रिटनमध्ये ‘डॉपिस’ ही निरीक्षणपत्रिका तयार झाली: जागा घेणे, कड धरणे, उरलेले तपासणे अशा प्रत्येक टप्प्याला प्रत्यक्ष किंवा चित्रफितीवरून गुण दिले जातात.