छत्री उतरते तेव्हा फोकस कुठे असतो

उतरणाऱ्या स्कायडायव्हरचा फोटो बहुतेकदा एकाच तऱ्हेने बिघडतो. मागची झाडं, हँगरचा पत्रा, कुंपणाच्या तारा, सगळं कसं लख्ख. माणूस तेवढा धूसर. मग कॅमेऱ्याला शिव्या बसतात. पण ऑटोफोकस नव्हता तेव्हाही हे फोटो निघत होते आणि चांगले निघत होते.

आधी थोडा हिशेब करू. स्पर्धेत छोट्या, वेगवान छत्रीने (पॅराशूटने) जमिनीला समांतर झेपावत येणारा माणूस ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. २०० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) एफ २.८ म्हणजे बरंच मोठं, अंतर २० मीटर असं धरलं, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात धारदार दिसणारा पट्टा पावणेदोन मीटरही भरत नाही. समोरून येणारा माणूस एवढा पट्टा सेकंदाच्या सोळाव्या हिश्शात ओलांडतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. हाताने लेन्सवरची फोकसची रिंग फिरवून त्याला गाठणं जवळपास अशक्य.

तेव्हा मार्ग दोनच. एक तर जागा ठरवायची, फोकस तिथे लावून ठेवायचा आणि दबा धरून बसायचं. नाहीतर माणसाच्या मागे फोकस पळवत न्यायचा.

दबा धरण्याचा मार्ग फार जुना. १८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या धावपट्टीलगत कॅमेरे ओळीने मांडले आणि आडव्या ताणलेल्या दोऱ्यांनी त्यांची शटरं उडवत धावत्या घोडीचे फोटो घेतले. त्या फोटोंची चर्चा होते ती घोड्याचे चारही पाय हवेत असतात की नाही यावरून. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. कॅमेरे धावपट्टीच्या बाजूला होते, घोडी समोरून आडवी जात होती, त्यामुळे तिचं अंतर बदलतच नव्हतं. फोकस एकदा लावला की विषय संपला. आजही छत्री बाजूने टिपायची असेल तर हेच गणित लागू पडतं: कॅमेरा माणसाबरोबर फिरवत न्यायचा, फोकसला फारसा हात लावावा लागत नाही. खरी गोची समोरून घेताना होते.

विसाव्या शतकात वृत्तपत्रांचे अमेरिकी फोटोग्राफर स्पीड ग्राफिक नावाचं धूड खांद्याला लावून हिंडत. हा कॅमेरा १९१२ पासूनचा, फिल्म ४ बाय ५ इंचांची. एक फोटो झाला की फिल्म बदलायची, म्हणजे एका उडीला एकच संधी. म्हणून अ‍ॅपर्चर बारीक ठेवायचं (भोक लहान तितका धारदार पट्टा रुंद), अंतर अंदाजाने लावायचं आणि त्या टप्प्यात माणूस आला की दाबायचं. छत्र्याही तेव्हा गोल असत. गोल छत्री जवळपास सरळ खाली येते, सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने. माणूस आपटतो आणि आपटण्याचा जोर जिरवायला कुशीवर लोळतो. पुढे जाण्याचा वेग फारसा नाही. त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी अ‍ॅपर्चर सांभाळून घेई. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियातल्या ब्लेड इथे (आता स्लोव्हेनियात) पहिलं जागतिक पॅराशूट अजिंक्यपद झालं. ठरल्या खुणेवर नेमकं उतरणं ही या खेळाची मूळ कसोटी. फोटोग्राफरच्या दृष्टीने तर ती मेजवानीच, कारण माणूस कुठे येऊ पाहतोय हे जमिनीवर आखूनच ठेवलेलं.

नेमक्या उतरण्याचा हा प्रकार अजूनही खेळला जातो. इलेक्ट्रॉनिक पॅडच्या मधली चकती आता फक्त २ सेंटिमीटरची आहे आणि टाच तिच्यापासून किती हुकली ते सेंटिमीटरमध्ये मोजतात. माझ्या मते या खेळात ऑटोफोकस चालू ठेवणं हा शुद्ध उधळेपणा आहे. चकतीवर फोकस लावा, रिंगवर चिकटपट्टी मारा आणि टाच येण्याची वाट पाहा.

पळवत नेण्याचा मार्ग मात्र खर्चिक होता आणि त्याला हात बसावा लागे. जर्मनीतल्या मेमिंगेनच्या नोव्होफ्लेक्स कंपनीने १९५० च्या दशकात पिस्तुलासारख्या मुठीची लांब लेन्स काढली. मूठ दाबली-सोडली की फोकस मागेपुढे सरकतो, रिंग चाचपत बसायला नको. पक्षी टिपणाऱ्यांनी आणि खेळाच्या फोटोग्राफरांनी ती उचलून धरली. पण मूठ किती दाबायची हे शेवटी बोटांनाच कळावं लागे.

मग छत्रीच बदलली. फ्लोरिडात पतंग आणि फुगे बनवणाऱ्या डोमिना जाल्बर्टने १९६४ मध्ये कप्प्याकप्प्यांच्या, पुढून हवा भरून फुगणाऱ्या पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजची चौकोनी छत्री त्याचीच लेक. ती नुसती पडत नाही, विमानाच्या पंखासारखी पुढे उडते आणि शेवटी दोन्ही हातांतले ब्रेक ओढले की नाक वर करून थांबते. १९७० च्या दशकात ती सर्वत्र पसरली आणि जुन्या अंदाजांचे बारा वाजले. पुढे छत्र्या आणखी लहान होत गेल्या. उतरण्याआधी मोठी गिरकी घेऊन वेग साठवायचा आणि मग पाण्यावरून, गवतावरून झेपावत जायचं, हा स्वतंत्र खेळच झाला. त्याला स्वूपिंग म्हणतात.

ऑटोफोकसची कथा याच काळात शेजारून चाललेली. १९७७ मध्ये कोनिका सी ३५ एएफ हा पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोफोकस कॅमेरा आला. आतली यंत्रणा हनीवेलची. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने ऑटोफोकस एसएलआरच्या (लेन्समधलं दृश्य आरशाने डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) अंगातच बसवला. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा जुळवून बघायच्या आणि त्यांच्यातल्या फरकावरून फोकस कुठल्या दिशेला, किती सरकवायचा ते ठरवायचं, असं त्यातल्या यंत्रणेचं काम. चाचपडणं नाही. (या तंत्रावरून हनीवेलने मिनोल्टाला कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये १२.७५ कोटी डॉलरला तडजोड झाली.)

तरीही समोरून येणारी छत्री हुकतच होती. बटण दाबल्यावर एसएलआरचा आरसा वर उचलला जाऊन शटर उघडेपर्यंत साधारण सेकंदाचा विसावा भाग जातो. तेवढ्यात आपला माणूस १.४ मीटर पुढे आलेला असतो. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस अचूक लावला तरी तो माणूस मघाशी होता तिथे. उपाय एकच, माणूस आत्ता कुठे आहे ते सोडून शटर उघडेल तेव्हा कुठे असेल ते ताडायचं. १९८८ मध्ये मिनोल्टा ७०००आय आणि निकॉन एफ ४ हे करू लागले.

सुरुवातीला सांगितलेल्या लख्ख झाडांचा उगमही याच पिढीत आहे. त्या कॅमेऱ्यांचा फोकस बिंदू, म्हणजे कॅमेरा जिथलं अंतर मोजतो ती जागा, चौकटीच्या मधोमध. आता माणूस आणि त्याची छत्री मिळून उभी चौकट भरा आणि पाहा मध्ये काय येतं. वर कापड, खाली माणूस आणि मधोमध नुसत्या दोऱ्या! दोऱ्यांमधून पलीकडची झाडं दिसतात आणि कॅमेरा इमानेइतबारे तीच धरतो. बिंदू खाली सरकवून माणसाच्या छातीवर ठेवण्याची सोय व्हायला वेळ लागला. १९९८ च्या कॅनन ईओएस ३ मध्ये असे ४५ बिंदू होते.

दरम्यान दबा धरण्याचा मार्ग मेला नव्हता, त्याने नुसतं रूप पालटलं. १९८७ च्या याशिका २३०-एएफमध्ये सापळाच होता: फोकस एका अंतरावर लावून ठेवा, त्या जागी काही आलं की कॅमेरा स्वतःच शटर उडवील. मला त्याहून मोलाची वाटते ती कॅननची १९८९ मधली साधी युक्ती. ईओएस ६३० मध्ये फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणाकडे देता येऊ लागलं. अंगठा दाबून ठेवला तर कॅमेरा पाठलाग करतो. अंगठा उचलला की फोकस जिथल्या तिथे राहतो, स्पीड ग्राफिकसारखा. दोन्ही मार्ग एका बोटावर आले.

स्वूपिंगच्या स्पर्धेला हे अगदी चपखल बसतं. स्पर्धकाला एका दारातून आत शिरावंच लागतं. दोन खुणा, मध्ये १० मीटर जागा, उंचीची मर्यादा दीड मीटर. खुणेवर फोकस लावायचा, अंगठा उचलायचा आणि छत्री दारात यायच्या जरा आधीपासून धडाधड फोटो घ्यायचे. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत घाटाच्या तोंडाशी बसणारे फोटोग्राफर वेगळं काय करतात?

२०१७ च्या सोनी ए९ मध्ये आरसाच नव्हता. सेकंदाला २० फोटो, ६९३ बिंदू आणि सेकंदाला ६० वेळा फोकसची फेरमोजणी. नंतरच्या कॅमेऱ्यांनी डोळा, चेहरा, डोकं ओळखायला सुरुवात केली. काळ्या काचेच्या बंद हेल्मेटमागे डोळा दिसत नाही, तेव्हा कॅमेऱ्याने नुसतं डोकं ओळखलं तरी पुरे.

स्पर्धेचं दार जागचं हलत नाही. साध्या ड्रॉप झोनवर (छत्र्या उतरण्याच्या मैदानावर) मात्र उतरणारे वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, आणि वारा कुणाला विचारून वाहत नाही. दुपारी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉकचं शेपूट फिरलं की सकाळपासून राखलेली जागा, पाठीमागचं साफ आकाश आणि लावलेला फोकस सगळं वाया. छत्र्या उघडायच्या आत मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी टेकू) खांद्यावर टाकायचा आणि मैदानाला वळसा घालून पलीकडे जायचं.