एकच गणित, पुन्हा पुन्हा सोडवलेलं

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत एक नवा आकडा येऊन बसला. "स्कोअर किती आला?" एवढंच विचारलं जायचं, पंचवीसपैकी, हे वेगळं सांगावं लागत नसे. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, काढायचा, फुप्फुसांच्या पाच खंडांपैकी प्रत्येकाला कोविडचा संसर्ग किती पसरलाय त्यानुसार ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. त्या बेरजेचा लोकांनी अंमळ जास्तच धसका घेतला होता. फिल्मवरच्या त्या राखाडी चकत्या मुळात तयार कशा होतात, हा प्रश्न त्या धावपळीत कुणाला पडायचं कारण नव्हतं.

साध्या एक्स-रेमध्ये पुढची फासळी, मधलं हृदय आणि मागचा मणका एकावर एक पडून त्यांची मिळून एकच सावली उमटते. सीटी स्कॅनमध्ये छातीचा आडवा काप दिसतो, जणू सुरीनेच घेतलेला. गंमत अशी, की तो काप यंत्राने कधी पाहिलेलाच नसतो. तो हिशेब करून काढलेला असतो.

हिशेब कसला, ते चार घरांच्या एका चौकोनावर कळतं. प्रत्येक घरात एक आकडा लपवलेला आहे. आत डोकावायचं नाही. फक्त ओळींच्या बेरजा मिळतील. वरच्या आडव्या ओळीची बेरीज १०, खालच्या ओळीची ६, उभ्या दोन्ही ओळींची ८-८. वर ३ आणि ७, खाली ५ आणि १ ठेवून बघा, जमतं. पण वर ४ आणि ६, खाली ४ आणि २ ठेवले तरीही जमतं! म्हणजे आडव्या-उभ्या बेरजा पुरेशा नाहीत. आता एक तिरकी बेरीज सांगतो: डावीकडच्या वरच्या आणि उजवीकडच्या खालच्या घराची बेरीज ४. लगेच दुसरं उत्तर बाद होतं.

क्ष-किरण अशाच बेरजा आणून देतो. शरीरातून जाताना तो वाटेत थोडा थोडा शोषला जातो. पलीकडे किती उरला हे मोजलं, की त्या रेषेवरचं एकूण शोषण कळतं. हाडात किती गेलं आणि स्नायूत किती, हे तो एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या कोनांतून पुष्कळ रेषा लागतात. सीटीचं गोल यंत्र रुग्णाभोवती फिरतं ते या तिरक्या बेरजा गोळा करायला.

हे कोडं पहिल्यांदा पूर्णपणे सोडवलं ते योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने, १९१७ मध्ये. एखाद्या पृष्ठावरच्या प्रत्येक सरळ रेषेवरची बेरीज माहीत असेल, तर प्रत्येक बिंदूवरची किंमत कशी काढायची, याचं नेमकं सूत्र त्याने दिलं. निबंध जर्मन भाषेत, लायप्झिगच्या सॅक्सन विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात छापला गेला. राडोनच्या मनात ना रुग्ण होता, ना यंत्र. निबंध ग्रंथालयांत पडून राहिला.

मग हेच गणित इतर लोक पुन्हा पुन्हा सोडवत राहिले. उपयोजित संशोधनाचा इतिहास सांगताना शुद्ध गणितातून आलेला शोध पुढे तंत्रज्ञानात उतरला, असं चित्र रंगवलं जातं. इथे तसं काहीच झालं नाही. ज्यांना गरज होती त्यांना उत्तर तयार आहे हे ठाऊकच नव्हतं.

१९५६ मध्ये रोनाल्ड ब्रेसवेल या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञापुढे सूर्य होता. त्याच्याकडची अँटेना सूर्यावरचा एकेक बिंदू टिपू शकत नव्हती. ती एका वेळी एक अरुंद पट्टी बघायची आणि त्या पट्टीतून येणाऱ्या एकूण रेडिओ लहरी सांगायची. पुन्हा बेरजाच. ब्रेसवेलने वेगवेगळ्या दिशांच्या पट्ट्यांवरून चित्र उभं करण्याची रीत काढली. पुढे स्टॅनफर्डमध्ये त्याच्या हाताखाली पीएचडी करून गेलेल्या गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी कोणतीही एक संपूर्ण चित्र देत नाही. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीकडून चित्राचा एकेक अंश मिळतो आणि बाकीचं काम गणित करतं. सीटीच्या गणिताशी त्याचं नातं अगदी जवळचं आहे.

त्याच १९५६ मध्ये केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात ॲलन कॉरमॅक हा भौतिकशास्त्राचा व्याख्याता आठवड्यातून दीड दिवस जात होता. किरणोत्सारी पदार्थ वापरताना भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख हवी, असा तिथला कायदा होता, म्हणून ही नेमणूक. कर्करोगावर किरणोपचार देताना वाटेतल्या ऊतींचा विचार अगदी ढोबळपणे होतोय, हे त्याला खटकलं. आतल्या प्रत्येक ठिकाणचं शोषण मोजायला हवं, असं ठरवून त्याने गणित स्वतःच मांडलं. १९५७ मध्ये ॲल्युमिनियमचा दंडगोल आणि भोवती लाकडाचं कडं घेऊन त्याने कोबाल्टच्या गॅमा किरणांनी पहिला प्रयोग केला. आलेख जवळपास अपेक्षेप्रमाणे आला, पण अगदी मध्याजवळच्या तीन बिंदूंचा कल किंचित वेगळा दिसत होता. वर्कशॉपमध्ये चौकशी केल्यावर कळलं, की दंडगोलाच्या मध्यभागी थोड्या कमी शोषणाची एक खुंटी बसवलेली होती. कॉरमॅकला तिची कल्पनाच नव्हती. या रीतीने, न कापता आतलं काहीतरी सापडल्याचा हा पहिला पुरावा म्हणायला हरकत नाही!

१९६३-६४ मध्ये त्याचे निबंध छापून आले आणि जवळजवळ कुणीच दखल घेतली नाही. नोबेल व्याख्यानात त्याने सांगितलंय, की निबंधाच्या प्रतीसाठी आलेली सर्वांत मजेशीर मागणी स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राची होती. डोंगरावरच्या बर्फाच्या थरांनाही ही पद्धत लागू पडली असती, फक्त बर्फाखाली डोंगरात किरणांचा स्रोत तरी बसवायला हवा होता किंवा मोजणीचं यंत्र तरी. राडोनने हे सगळं आधीच करून ठेवलंय, हे कॉरमॅकला आणखी काही वर्षांनी कळलं. त्याआधी १९५७-५८ च्या सुमारास कीव्हमध्येही काही संशोधकांनी हेच कोडं वैद्यकासाठी सोडवून ठेवलं होतं. तेही रशियन नियतकालिकांत राहिलं. अमेरिकेत विल्यम ओल्डेनडॉर्फ या मेंदूविकारतज्ज्ञाने खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ आणि लोखंडी खिळे वापरून नमुना तयार केला. नुसता डोक्याचा आडवा छेद दाखवणाऱ्या एवढ्या महागड्या यंत्राला गिऱ्हाईक कुठून मिळणार, अशा अर्थाचं उत्तर त्याला एका उत्पादकाकडून आलं.

शेवटी यंत्र बनवलं ते गॉडफ्री हाउन्सफील्डने. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतला हा अभियंता. त्याच्याकडे डॉक्टरेट नव्हती, कॉरमॅककडेही नव्हती. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं. ईएमआय म्हणजे बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी, त्यामुळे 'बीटल्सच्या पैशातून सीटी स्कॅन जन्मला' ही कथा फार आवडीने सांगितली जाते. प्रत्यक्षात विकासाच्या खर्चाचा मोठा वाटा ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने उचलला होता. सरकारी खात्यांवर कुणी गाणी लिहीत नाही, त्याला काय करणार.

हाउन्सफील्डला राडोनचं सूत्र माहीत नव्हतं, आणि त्यावाचून त्याचं अडलंही नाही. त्याची रीत वर दिलेल्या चौकोनावर करून बघता येते. सगळी घरं शून्य धरा. वरच्या ओळीची बेरीज १० हवी, तर दोन्ही घरांना ५-५ वाटा. खालच्या ओळीला ३-३. उभ्या बेरजा तपासा: ८ आणि ८, ठीक. एका तिरक्या ओळीची बेरीज ४ हवी, पण आत्ता ५ आणि ३ मिळून ८ आहे. ४ जास्त, तर दोन्हीतून २-२ काढा. उरले ३ आणि १. एकूण बेरीज १६, म्हणजे दुसरी तिरकी ओळ १२ हवी, आहे ८. दोन्हींत २-२ घाला. झाले ७ आणि ५. उत्तर आलं. अंदाज करायचा, मोजमापाशी ताडून बघायचा, चूक सगळ्यांत वाटून टाकायची आणि पुन्हा पुढची ओळ घ्यायची. ही रीतही नवी नव्हती. स्टेफान काचमाझ या पोलिश गणितज्ञाने ती १९३७ मध्येच लिहून ठेवली होती.

हाउन्सफील्डच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या मांडणीत अमेरिशियमचे गॅमा किरण वापरले होते. ते इतके क्षीण होते, की एका चित्रासाठी २८,००० मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागले आणि संगणकाला त्यांचा हिशेब करायला अडीच तास. सुरुवातीचं चित्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या मानवी मेंदूचं होतं. त्यात सगळे फरक अगदी ठसठशीत दिसले, पण तो फॉर्मॅलिनचा प्रताप निघाला. खातरजमा करायला बैलाचा ताजा मेंदू आणावा लागला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं. १८० कोनांतून प्रत्येकी १६० मोजमापं, आणि चित्र ८० बाय ८० घरांचं, म्हणजे ६,४०० अज्ञात संख्या. मेंदूतली गाठ त्यात दिसली.

इथे कुणी विचारेल, की नेमकं सूत्र उपलब्ध असताना असं चाचपडत का जायचं? कारण राडोनचं सूत्र मागतं अनंत रेषा, आणि त्याही बिनचूक. खऱ्या यंत्रात रेषा मोजक्या असतात आणि प्रत्येक मोजमापात थोडा गोंगाट. शिवाय हा उलटा हिशेब स्वभावाने नाजूक आहे: बेरजेतली बारीकशी चूक चित्रात फुगून बाहेर येऊ शकते. सगळ्या रेषा नुसत्या परत चित्रावर पसरल्या, तर धूसर डाग मिळतो; तो स्पष्ट करायला कडा उठावदार कराव्या लागतात, आणि कडा उठवल्या की गोंगाटही उठतो. यातला तोल कुठे साधायचा, यातच अभियंत्याचं निम्मं आयुष्य जातं.

या तोलाचं एक सुटसुटीत उत्तर भारतातून गेलं. प्रथिनांच्या रचनेवरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये, म्हणजे पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं त्याच वर्षी, आकडेमोड खूप कमी करणारी गाळणी सुचवली. त्यांच्यासमोर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रंही होती, नुसतं रुग्णालय नव्हे. 'राम-लॅक फिल्टर' या नावाने ती आजही मॅटलॅबसारख्या संगणकीय प्रणालींत आहे. तिथे वेगळं काही निवडलं नाही, तर आपोआप तीच लागू होते. कॉलेजात मॅटलॅब वापरणाऱ्या किती मुलांना 'राम' म्हणजे रामचंद्रन हे ठाऊक असेल, कोण जाणे.

रुग्णाच्या बाबतीत एक सोय असते: रेषा कुठून न्यायच्या हे आपण ठरवतो. पृथ्वी ती सोय देत नाही. भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या पोटाचं चित्र काढताना स्रोत म्हणजे भूकंप, आणि तो त्याला हवा तिथे होतो. मापकं बहुतेक जमिनीवर, समुद्राखाली फारच थोडी. शिवाय लहरी सरळ जात नाहीत, खडकाप्रमाणे वाकतात. तापलेल्या खडकातून लहर हळू जाते, थंड खडकातून वेगाने. किती वेळ लागला यावरून वाटेतला खडक ओळखायचा. कोयना-वारणा भागात १९६७ च्या भूकंपानंतर भूकंपमापकांचं दाट जाळं उभं राहिलं, आणि तिथल्या लहानमोठ्या हादऱ्यांच्या नोंदींवरून जमिनीखालच्या खडकांची अशी चित्रं काढली गेली आहेत. तिथे मोजमापांची रेलचेल आहे. ॲटलांटिकच्या मध्यावर तशी चैन नाही.

समुद्रासाठी वॉल्टर मुंक आणि कार्ल वुन्श यांनी १९७९ मध्ये हीच युक्ती ध्वनीने करायची असं मांडलं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो आणि पाणी एका अंशाने तापलं, की हा वेग साधारण ४ मीटरने वाढतो. हजार किलोमीटरचं अंतर आवाज अकरा मिनिटांत कापतो. वाटेतलं पाणी सरासरी शंभरांश अंशाने तापलं, तर तो सेकंदाच्या सुमारे दोन शतांश भागाने लवकर पोचेल. एवढा फरक सहज मोजता येतो. तापमापक घेऊन अख्खा समुद्र पालथा घालण्यापेक्षा हे स्वस्त. जानेवारी १९९१ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या हर्ड बेटाजवळ सोडलेले आवाज पार बर्म्युडाला ऐकू गेले. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही नव्वदच्या दशकात अरबी समुद्राच्या पूर्व भागात हे तंत्र वापरून पाहिलं. पुढे देवमाशांना त्रास होईल म्हणून अमेरिकेत अशा प्रयोगांना मोठा विरोध झाला, तो अगदीच अनाठायी होता असं मला वाटत नाही.

गेल्या वीस वर्षांतली मोठी उडी अशी, की मोजमापं फारच कमी असली तरी चालतं. २००६ मध्ये इमॅन्युएल कांदेस, जस्टिन रोम्बर्ग आणि टेरेन्स टाओ यांनी दाखवलं, की डोक्याच्या काल्पनिक छेदाची ५१२ बाय ५१२ बिंदूंची चाचणी-आकृती केवळ २२ दिशांनी घेतलेल्या मोजमापांतून हुबेहूब परत मिळवता येते. जुन्या समजुतीप्रमाणे हे अशक्यच होतं. युक्ती अशी: मोजमापांशी जुळणारी चित्रं असंख्य असतील, पण खरी चित्रं बहुधा साधी असतात, त्यांत मोठे सपाट भाग आणि थोड्या कडा असतात. तेव्हा जुळणाऱ्यांपैकी सर्वांत साधं चित्र निवडा. एमआरआयमध्ये यामुळे वेळ वाचला. लहान मुलाला त्या नळीत हालचाल न करता किती वेळ झोपवायचं, हा प्रश्न पडलेल्या डॉक्टरांना त्याचं मोल विचारा. २०१७ पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळून ही पद्धत बाजारातल्या यंत्रांत आली.

आता 'साधं' म्हणजे काय, हे गणिताने ठरवायच्या ऐवजी लाखो जुन्या चित्रांवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवू लागली आहे. चित्रं दिसायला सुरेख येतात. पण २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात अशा प्रणालींची परीक्षा घेतली, तेव्हा मोजमापांत जाणवणारही नाही इतका बदल केल्यावर काही प्रणालींच्या चित्रांत मोठी विकृती आली, आणि काहींतून गाठीसारखे बारीक तपशील पुसले गेले. यावर उपाय म्हणून चित्र तयार झाल्यावर उलट हिशेब करतात: या चित्रातून रेषा नेल्या, तर प्रत्यक्ष मोजलेल्याच बेरजा येतात का? चार घरांच्या चौकोनाने दाखवलं तसं, बेरजा जुळूनही चित्र चुकीचं असू शकतं. म्हणून अशा प्रणाली तपासताना पूर्ण मोजमापं घेऊन काढलेलं चित्र शेजारी ठेवतात, आणि दोन्हींत गाठ तिथेच दिसते का, हे अनुभवी रेडिओलॉजिस्टला विचारतात.