नाकाने कांदे सोलणाऱ्यांचं विज्ञान

उंच पर्वतावरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून गिर्यारोहक ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी घेतात. ही गोळी घेणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. मोहीम फत्ते करून आल्यावर मोठ्या उत्साहाने बिअर उघडावी, फेसही छान वर यावा, पण घोट घेतला की ती अगदी मिळमिळीत लागते. पेल्यात बुडबुडे नाचत असतात आणि जिभेला त्याची खबरही नसते.

याचं कारण 2009 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. जिभेवर आंबट चव ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्या पृष्ठभागावर कार्बोनिक अनहायड्रेज हे एन्झाइम असतं. ते कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल तयार करतं आणि पेशीला जाणवतं ते हे आम्ल. गोळी नेमकं हेच एन्झाइम बंद पाडते. पुढे 2013 साली काही संशोधकांनी लोकांना उच्च दाबाच्या खोलीत बसवून सोडा प्यायला दिला. तिथे दाबामुळे बुडबुडे तयारच होत नाहीत, तरी चुणचुण जाणवलीच. म्हणजे ज्याला आपण बुडबुड्यांची गंमत समजतो, तो बराचसा आम्लाने काढलेला चिमटा आहे.

बिअर, वाइन किंवा मीड (मध आंबवून केलेलं मद्य) ‘चाखणाऱ्या’ माणसाकडे बघताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. तो पेला तिरका धरतो, गोल फिरवतो, नाक आत खुपसतो, डोळे मिटतो आणि मग म्हणतो, ‘‘पावसानंतरची माती, जुनं कातडं, शेवटी किंचित काळी मिरी.’’ बघणाऱ्याला वाटतं, हा नाकाने कांदे सोलतोय. माझंही बरीच वर्षं हेच मत होतं. आता ते निम्मं बदललं आहे. हा माणूस दोष सांगत असेल, तर कान देऊन ऐकावं. तो गुणांची यादी वाचायला लागला, तर मात्र थोडं हातचं राखून ऐकावं. असं का, ते रसायनशास्त्रात आणि मेंदूत दडलेलं आहे.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्श्याची मांसल चव) एवढंच कळतं. टोकाला गोड, मागे कडू असा जो जिभेचा नकाशा शाळेत शिकवला जायचा, तो चुकीचा आहे. जिभेच्या सर्व भागांना सगळ्या चवी कळतात. तुरटपणा तर चवच नव्हे, तो स्पर्श आहे. वाइनमधली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. बाकी केळं, लवंग, लोणी, मिरी हे सगळं नाकाचं काम. घोट गिळताना वाफा घशामागून वर नाकात चढतात आणि मेंदू तो वास तोंडाच्या खात्यावर जमा करतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळेच.

माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारचे गंधग्राही असतात. ते घडवणाऱ्या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधलं, त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. एवढी यंत्रणा हाताशी असताना पेल्यातले वीस वास वेगवेगळे सांगता यायला काय हरकत आहे? पण तसं होत नाही. डेव्हिड लेंग या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 1980 च्या दशकात लोकांना ओळखीच्या वासांची मिश्रणं दिली. एकेकटा दिलेला वास सहज ओळखणारी माणसं मिश्रणातून तीन-चारांच्या पुढे जाऊ शकली नाहीत. नंतरच्या प्रयोगांत सरावाच्या नाकांनाही ही मर्यादा फारशी ओलांडता आली नाही. मेंदू मिश्रणाचे तुकडे करत नाही, त्याचा एकच चेहरा बनवतो. त्यामुळे बाटलीमागच्या लेबलवर आठ-दहा फळाफुलांची नावं दिसली, की मी पहिली तीन वाचतो आणि उरलेली साहित्यात जमा करतो.

चेहरा बनवताना मेंदू डोळ्यांचीही साक्ष काढतो. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन गंधहीन रंग घालून लाल करून दिली. पांढरीचं वर्णन करताना त्यांनी फिकट, पिवळसर वस्तूंची नावं घेतली होती. लाल केलेलीसाठी लाल वाइनचे ठेवणीतले शब्द काढले. ‘तज्ज्ञांना लाल-पांढरंही ओळखता येत नाही’ असा या प्रयोगाचा गवगवा झाला, तो मला अतिरेकी वाटतो. त्यातून दिसतं ते एवढंच की वासासाठी शब्द शोधताना मेंदू आधी डोळ्यांना विचारतो. हीच खोड किमतीबाबतही आहे. 2008 मधल्या एका अभ्यासात तीच वाइन महाग म्हणून दिली तेव्हा ती लोकांना जास्त आवडली, इतकंच नव्हे तर मेंदूतल्या सुखाशी संबंधित भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे लोक उगाच बरं म्हणत नव्हते, त्यांना ती खरोखरच बरी लागत होती.

दोषांची गोष्ट वेगळी असते. दोष म्हणजे बहुतेकदा एकच रेणू, तोही असा की इतर सगळ्यांचा आवाज दाबून टाकणारा.

बिअरमध्ये लोण्याचा वास आला तर तो डायअसिटिलचा. आंबण्याच्या काळात यीस्टच्या पेशींतून एक पूर्वद्रव्य बाहेर झिरपतं आणि बाहेर आपोआप त्याचं डायअसिटिल होतं. यीस्टला थोडा वेळ आणि थोडी ऊब दिली, तर तेच ते परत आत घेऊन निरुपद्रवी करून टाकतं. थोडक्यात, लोण्याचा वास म्हणजे बनवणाऱ्याने घाई केल्याची कबुली (किंवा नळ्यांमध्ये जिवाणू शिरल्याची). उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. त्याचं मूळ माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) असतं आणि झाकण उघडं ठेवून खळखळून उकळलं की ते वाफेबरोबर निघून जातं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झाली, तिला प्राणवायू लागला. हिरव्या सफरचंदाचा आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलं. अनुभवी परीक्षक एका घोटात सांगतो की भट्टीवर कुठल्या दिवशी काय चुकलं, आणि ते तपासून बघता येतं. हे कांदे सोलणं नव्हे, हे निदान आहे.

यातला माझा आवडता दोष उन्हाचा. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधल्या कडू रेणूंवर प्रकाश पडला की बिअरमधल्याच रायबोफ्लेविनच्या, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाच्या, मदतीने ते तुटतात. तुटलेला तुकडा गंधकाशी जुळून एक थायॉल बनतं. स्कंक नावाचा अमेरिकेतला प्राणी शत्रूवर जो फवारा सोडतो, त्यातल्या रेणूंचं हे सख्खं भावंड. पारदर्शक काचेतून प्रखर ऊन लागलं तर काही मिनिटं पुरतात. तपकिरी बाटली हा प्रकाश अडवते. हिरवी फारसा अडवत नाही, तरी ती दिसायला छान म्हणून वापरली जाते.

वाइनचा कुप्रसिद्ध दोष म्हणजे बुचाचा वास : कुबट तळघर, ओलं वर्तमानपत्र. स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981-82 च्या सुमारास त्यामागचा रेणू पकडला, ट्रायक्लोरोॲनिसोल. बुचावरच्या बुरशीचा क्लोरीनयुक्त रसायनांशी संबंध आला की तो तयार होतो. लिटरमागे पाचेक नॅनोग्रॅम एवढ्यावर तो अनेकांना कळतो. ऑलिंपिक तलावात 25 लाख लिटर पाणी मावतं. त्या हिशेबाने अख्ख्या तलावाला साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे मिठाची चिमूटही नाही. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या गंधपेशींवर त्याची चाचणी घेतली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. हा रेणू पेशींचे विद्युतसंदेशच दाबून टाकतो. म्हणूनच असेल, बूच किंचित बिघडलेली वाइन कुबट न लागता नुसती मुकी लागते. पिणारा म्हणतो, ‘‘ठीक आहे, पण काही खास नाही,’’ आणि बिचाऱ्या बनवणाऱ्यावर खापर फुटतं.

अर्थात दोष कशाला म्हणायचं हे पेल्यात काय आहे त्यावर ठरतं. फिकट लागर बिअरमधलं लोणी हा गुन्हा, तर शार्डोने वाइनमध्ये तेच बेताने असेल तर कौतुक. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग नसेल तर गुण कापले जातात; इतर बहुतेक बिअरमध्ये लवंग आली तर चुकीच्या यीस्टचा संशय घेतात.

मीड चाखणं मला या तिन्हींत सगळ्यात अवघड वाटतं. मधात सुमारे 80 टक्के साखर असते, पण नायट्रोजन जवळपास नसतोच. यीस्टच्या दृष्टीने हे म्हणजे ताटभर गोडधोड आणि वरणाचा थेंब नाही. उपाशी यीस्ट मग कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतं, नाहीतर घशात जाळणारी जड अल्कोहोलं बनवतं. म्हणून जाणकार यीस्टचं पोषण एकदम न घालता हप्त्याहप्त्याने घालतात. चाखणाऱ्याची अडचण वेगळीच. सगळी साखर आंबून गेलेलं मीडही गोड वाटू शकतं, कारण मधाचा वास आणि गोडवा यांची गाठ आपल्या डोक्यात लहानपणीच बसलेली असते. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून घोट घ्यायचा. गोडवा टिकला तर तो साखरेचा, विरला तर आठवणीचा.

या सगळ्याचे गुण देताना अमेरिकेतली बिअर परीक्षकांची संस्था, बीजेसीपी, 50 गुणांची पत्रिका वापरते. बिअरला वासाचे 12, रूपाचे 3, चवीचे 20, तोंडातल्या स्पर्शाचे 5 आणि एकंदर छापेचे 10. रूपाला फक्त तीनच गुण ठेवणाऱ्याला बोर्दोचा धडा आधीच कळला असावा. पण गुण देणारं यंत्र माणूसच. रॉबर्ट हॉजसन या स्वतः वाइन बनवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाने कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत 2005 पासून चार वर्षं परीक्षकांचीच परीक्षा घेतली. एकाच बाटलीतली वाइन तीन वेगळ्या पेल्यांत, इतर वाइनच्या गर्दीत मिसळून. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यातले गुण देणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपास निघाले. या अभ्यासातली दुसरी नोंद मात्र क्वचितच सांगितली जाते. न आवडलेल्या वाइनबाबत परीक्षक जास्त सुसंगत होते. वाईट काय यावर त्यांचं स्वतःशी एकमत होतं. उत्तम कशाला म्हणायचं यावर नव्हतं.

शिवाय सगळी नाकं सारखी नसतात. शिराझ वाइनमधली काळी मिरी रोटंडोन या रेणूची, हे ऑस्ट्रेलियात 2008 मध्ये कळलं. त्याच वेळी हेही कळलं की साधारण पाचातल्या एका माणसाला तो भरपूर मात्रेतही येत नाही. तेव्हा एकाला मिरी लागली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांपैकी कुणी खोटं बोलतोय असं नाही.

आपलं नाक कुठे बसतं, हे तपासायचं असेल तर 1940 च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग भट्टीत वापरात आलेली त्रिकोणी चाचणी आहे. तीन पेले, दोनांत एकच द्रव, तिसऱ्यात वेगळा, वेगळा ओळखायचा. हॉप्सची कोणतीही साधी बिअर दोन काचेच्या पेल्यांत ओतून उन्हात ठेवा, पण एक पेला काळ्या कापडात पूर्ण गुंडाळा. नाहीतर दुसरा गरम झाला, त्याचा वायू गेला, म्हणून ओळखाल आणि श्रेय नाकाला द्याल. पंधरा मिनिटांनी दोन्ही थंड करा. कुणाला तरी पाठ करून अपारदर्शक कपांत ओतायला सांगा आणि क्रम दर वेळी बदलायला लावा. नुसत्या अंदाजाने बारा फेऱ्यांत सरासरी चार उत्तरं बरोबर येतात. आठ किंवा जास्त आली, तर ती नशिबाने येण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी. मध्ये मध्ये नाकाला विश्रांती द्या, ते एकाच वासाला लवकर सरावतं. आणि यात एक घोटही प्यावा लागत नाही, नुसतं हुंगलं तरी पुरतं.