कानातले हाड झिजले, पण कोणते?

कोलेस्टिआटोमा म्हणजे कानात चुकीच्या जागी वाढत जाणारी त्वचा. अशा रुग्णाला ‘कानातले हाड कुरतडले गेले आहे’ एवढेच सांगून घरी पाठवले जाते, याची मला मनापासून चीड येते. या एका वाक्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि गेलेले ऐकणे परत मिळण्याजोगे आहे की असलेलेही कायमचे जाऊ शकते, हे त्यातली कोणती गोष्ट घडली आहे यावर ठरते.

पहिले हाड ओळखीचे आहे. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही साखळी शाळेच्या पुस्तकात सर्वांनी पाहिलेली असते. कोलेस्टिआटोमा बहुधा ऐरणीचा लांब दांडा आधी खातो. (योहानेस म्युलर यांनी १८३८ साली दिलेले हे नाव दिशाभूल करणारेच आहे, कारण ही कोलेस्टेरॉलची गाठ नव्हे.) साखळी तुटल्याने ऐकणे साधारण ६० डेसिबलपर्यंत उतरू शकते, पण कूर्चा, रुग्णाचेच हाड किंवा टायटॅनियमचा कृत्रिम भाग बसवून ती पुष्कळदा पुन्हा जोडता येते.

दुसरे हाड म्हणजे अंतर्कर्णाचे टणक कवच. ते बहुतेक वेळा आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेवर झिजते आणि तिथे भोक पडते, ज्याला फिस्टुला म्हणतात. ही नलिका तोल सांभाळणारी आहे, ऐकण्याशी तिचा थेट संबंध नाही. त्यामुळे ‘फार तर चक्कर येईल, ऐकण्याला काय धोका?’ असे रुग्णाला वाटते, आणि खरा घोटाळा इथेच होतो. नलिकेतला द्रव आणि ऐकण्याचे काम करणाऱ्या शंखासारख्या कॉक्लियातला द्रव एकमेकांशी जोडलेले आहेत. उघड्या भोकावर सक्शनची नळी क्षणभर जरी टेकली, तरी द्रव ओढला जाऊन कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींना इजा होऊ शकते, आणि माणसात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तिथे टायटॅनियम काहीही करू शकत नाही.

फिस्टुलाची खूण कधी कधी तपासणीच्या खुर्चीतच दिसते. कानाच्या तोंडाशी असलेला कूर्चेचा लहान उंचवटा बोटाने आत दाबला की रुग्ण एकदम खुर्चीचा हात घट्ट धरतो आणि त्याचे डोळे एका बाजूला सरकतात. मात्र असे झाले नाही म्हणून फिस्टुला नाही असे मानू नये. त्यासाठी सीटी स्कॅन बारकाईने पाहावा लागतो, आणि तरीही लहान भोक कधी ऑपरेशनच्या टेबलावरच कळते.

ऑपरेशनमध्ये या दोन हाडांशी वागण्याची रीत उलट असते. साखळी शाबूत असली, तरी आजार तिला चिकटलेला असेल आणि तिच्याजवळ ड्रिल चालवायचे असेल, तर ऐरण आणि रिकीब यांचा सांधा आपण होऊन सोडवला जातो, कारण ड्रिलचा धक्का साखळीतून थेट अंतर्कर्णात पोहोचतो. जोडता येणारी वस्तू तोडून, जी जोडता येत नाही ती वाचवायची, असा हा हिशेब आहे. फिस्टुलावरच्या त्वचेला मात्र शेवटपर्यंत हात लावायचा नसतो. सभोवतालचा सगळा आजार आधी काढायचा आणि मग पाण्याच्या संथ धारेखाली, सक्शन दूर ठेवून, तो शेवटचा पापुद्रा सोलायचा, आणि भोक लगेच हाडाच्या भुकटीने व स्नायूवरच्या पातळ आवरणाने झाकायचे. भोक खोल असेल, ते कॉक्लियावरच असेल, किंवा रुग्णाचा दुसरा कान आधीच बहिरा असेल, तर तो पापुद्रा तसाच ठेवून आजार काढल्यावर उरलेली पोकळी बाहेरच्या बाजूने उघडी करावी, असे माझे ठाम मत आहे. म्हणजे पुढे ओपीडीत ती पाहता आणि साफ करता येते. यावर नातेवाईक ‘आजार अर्धवट ठेवला’ म्हणून नाराज होतात, पण ऐकणारा कान वाचावा यासाठीच तो पापुद्रा तिथे ठेवलेला असतो.

म्हणूनच ऑपरेशननंतरचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, हाती आला की हाडामार्फत ऐकण्याची रेषा आधी पाहावी; ती कवटीच्या हाडातून थेट अंतर्कर्णाला पोहोचणारा आवाज किती ऐकू येतो हे दाखवते. हवेमार्फतची रेषा खाली गेलेली असू शकते, कारण काढलेला कोलेस्टिआटोमाच कधी कधी तुटलेल्या साखळीच्या जागी आवाज पोहोचवत असतो, आणि ते नुकसान बहुधा दुसऱ्या टप्प्यात भरून काढता येते. हाडामार्फतची रेषा ऑपरेशनपूर्वी होती तिथेच असेल, तर अंतर्कर्ण वाचला आहे.