कोमोडो ड्रॅगनच्या ‘घाणेरड्या’ तोंडाचा खुलासा

कोमोडो ड्रॅगनच्या तोंडात इतके सडके जंतू असतात की एका चाव्यानंतर सावज काही दिवसांत सडून मरतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते खरं नाही.

२००९ साली ब्रायन फ्राय हे विषतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या अजस्र घोरपडीच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असतात. त्यातली प्रथिनं रक्त गोठू देत नाहीत, रक्तदाबही पाडतात. गंमत म्हणजे ही रसायनं आकाशातून पडलेली नाहीत. रक्तदाब उतरवणारी नॅट्रियुरेटिक पेप्टाइडं (छोटी प्रथिनं) आपलं हृदयही बनवतं. विषातलं कॅलिक्रीन हे प्रथिनही आपल्या अंगात असतंच. अशा साध्या प्रथिनाच्या जनुकाची जादा प्रत तयार होते, ग्रंथीत कामाला लागते आणि पिढ्यानपिढ्या बदलत जाते. सापांची बरीचशी विषंही अशीच घडली.

आणि जंतू? २०१३ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या ड्रॅगनची तोंडं तपासली, तेव्हा ते इतर मांसाहारी प्राण्यांसारखेच निघाले. म्हशींच्या जखमा चिघळतात, कारण चावा बसल्यावर त्या घाण डबक्यांकडे पळतात. मुळात ड्रॅगन राहतात त्या इंडोनेशियातल्या बेटांवर म्हशींना माणसानेच आणलं. हरणं बहुतेकदा फाडलेल्या जखमेतून रक्त वाहूनच दगावतात. त्यात विषाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.