‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ हे बायबलात नाही
मयताच्या घरी हे वाक्य हमखास कानावर येतं, वर ‘बायबलातच आहे’ अशी पुस्ती. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीशी बोलतो ते मोहाच्या परीक्षेबद्दल. दुःखाचं माप तिथे नाही. उलट त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात (१:८-९) तो सरळ सांगतो: आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, जगण्याचीही आशा सुटली, आणि तिथेच स्वतःवर नाही, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकलो. म्हणून मुलगा गेलेल्या आईला ‘तुला झेपेल’ म्हणू नका. तिच्या हातातला कप बशीत वाजत असतो. तिला झेपत नाहीये. जवळ बसा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत देवाला ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणण्याआधी येशूनेही शिष्यांना सोबत जागं राहायला सांगितलं होतं.