फूड बँक आणि कम्युनिटी किचन: शिधा भरणाऱ्या बायका, रांधणाऱ्या बायका

कोरोनाकाळातल्या बातम्यांत मास्क लावलेल्या बायका एक तर खोकी भरताना दिसायच्या, नाहीतर भल्यामोठ्या पातेल्यात डाव फिरवताना. मथळा मात्र दोन्हीकडे एकच, ‘गरजूंना अन्नवाटप’. त्यामुळे फूड बँक आणि कम्युनिटी किचन हे एकच प्रकरण आहे असा समज पक्का झाला. उपाशी माणसाला दोन्ही सारखीच वाटतील. राबणाऱ्या बाईला विचारा, ती फरक लगेच सांगेल.

फूड बँकेतून मिळतो कोरडा शिधा. तो घरी न्यायचा आणि शिजवायचा. म्हणजे चूल, इंधन, भांडी आणि शिजवणारं माणूस हे सगळं घेणाऱ्याकडे आहे, असं इथे गृहीत धरलेलं असतं. कम्युनिटी किचनमध्ये जेवण तयार मिळतं. काम बुडालेला मजूर, अडकलेला प्रवासी, विलगीकरणात पडलेला एकटा म्हातारा यांना पीठ-तांदूळ देऊन काय उपयोग? उलट पाच माणसांच्या घराला रोज दोन वेळा डबे पुरवण्यापेक्षा पंधरा दिवसांचा शिधा एकदाच देणं केव्हाही सोयीचं.

फूड बँकेची रीत अमेरिकेतली. 1967 मध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक सुरू केली. कल्पना सुचली ती एका बाईमुळे, असं सांगतात. पदरात दहा मुलं, आणि दुकानांनी फेकून दिलेलं चांगलं अन्न उचलून ती त्यांना जगवत होती. इतिहासात नाव राहिलं ते अर्थात हेंगेल यांचं.

फूड बँकेतलं खरं काम गोदामात चालतं, आणि त्यात स्वयंपाकाचा संबंध जवळजवळ नाही. आलेला माल टेबलावर ओतायचा आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहायची. डबा फुगलाय? बाद. डब्याच्या जोडावर, म्हणजे शिवणीवर, खोल पोचा आहे? तोही बाद. बाजूला हलकासा पोचा असेल तर चालतो. मग तारखा. ‘बेस्ट बिफोर’ उलटून गेली तर चव किंवा कुरकुरीतपणा कमी झालेला असू शकतो, पदार्थ बहुधा खाण्याजोगा असतो; ‘यूज बाय’ उलटली की मात्र हातसुद्धा लावायचा नाही. तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीबाबत तर अजिबात सूट नाही. ज्याची तारीख आधी संपणार ते पुढे मांडायचं. हे काम नजरेचं आणि हिशोबाचं आहे. ‘बायकांना काय, सवयच असते’ म्हणून ते उडवून लावणाऱ्याने एकदा ते टेबल सांभाळून बघावं.

किचनमध्ये तारखांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून दोन तासांपेक्षा जास्त वेळ ते बाहेर ठेवू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पातेलं उतरलं की डबे भरणं, गाडी निघणं, वाटप, सगळं धावपळीचं. उरलं तर उद्यावर टाकायची सोय नाही.

2020 च्या मार्चमध्ये महामारी जाहीर झाली आणि दोन्हींची कोंडी झाली, पण वेगवेगळी. बऱ्याच देशांत फूड बँका निवृत्त, वयस्क स्वयंसेवकांच्या जिवावर चालत. नेमक्या त्यांनाच आजाराचा धोका जास्त, म्हणून ते घरी बसले. लोकांनी घाबरून खरेदी केल्याने दुकानांत शिल्लक माल उरेना, दान आटलं. घेणाऱ्याने मांडणीवरून हवं ते निवडायची पद्धत बंद झाली आणि बांधलेली खोकी गाडीच्या डिकीत ठेवली जाऊ लागली. खोकं भरणाऱ्या बाईच्या अंदाजावर सगळं आलं. सॅनिटरी पॅड न मागता खोक्यात टाकायचे, हे कुणाला तरी सुचावं लागतं.

किचनचा प्रश्न दाटीचा. एका ओट्याभोवती किती जणी उभ्या राहणार? तरी पेरू देशाच्या राजधानीत, लिमाच्या गरीब वस्त्यांत त्या वर्षी ‘ओयास कोमुनेस’ म्हणजे सामाईक चुली पुन्हा पेटल्या, त्या मुख्यतः बायकांनीच पेटवल्या. केरळमध्ये ‘कुडुंबश्री’ या सरकारी योजनेतल्या बचतगटांच्या बायकांनी पंचायतींसोबत किचन चालवली.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक इथेच आहे. फूड बँकेत देणारी आणि घेणारी बहुतेकदा वेगळ्या. मध्ये टेबल असतं. वस्तीतल्या चुलीवर रांधणारी बाई शेवटी तिथूनच आपल्या मुलांचं ताट भरून नेते. तिला ‘स्वयंसेविका’ म्हणून प्रशस्तिपत्र देणं जरा विनोदीच. आणि फूड बँकेचा शिधा घरी गेला की तो शिजवणारीही बहुधा बाईच. ते श्रम कुठल्याच अहवालात येत नाहीत.

मदत करायची असेल तर फूड बँकेला वस्तूंपेक्षा पैसे दिलेले बरे, कारण ती घाऊक दराने खरेदी करते. किचनला आधी फोन करा. चिरायला, ढवळायला हौशी माणसं मिळतात; जेवणं उरकल्यावर भांडी घासायला कुणी येतंय का, ते विचारा.